शंका घ्यावी, पण उत्तरही ऐकावे



सत्संग संपल्यावर गप्पा सुरू होतात आणि उन्हाळ्याचा विषय हमखास निघतो. "यंदाचे ऊन सोसवत नाही," असे एक जण म्हणतो. लगेच दुसरा म्हणतो, "आमच्या लहानपणीही कडक उन्हाळे होते. ही तापमानवाढ म्हणजे उठवलेली आवई आहे." तिसरा हात जोडून म्हणतो, "सर्व ईश्वराच्या हाती. आपण काय करणार?" हे उद्गार आपण ऐकले असतील, कदाचित स्वतःही काढले असतील. आज त्यांचा शांतपणे विचार करू या.

छांदोग्य उपनिषदातील उद्दालक आणि श्वेतकेतू यांची कथा आपल्याला ठाऊक आहे. वडिलांच्या सांगण्यावरून श्वेतकेतू रात्री पाण्यात मीठ टाकतो. सकाळी ते शोधतो, तर कुठेच दिसत नाही. मग वडील त्याला पाणी वरून, मधून आणि तळातून चाखायला लावतात. सगळीकडे खारट! कथेचा विषय आत्मतत्त्व हा आहे. पण तिच्यातील रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे ठरवू नये. वेगवेगळ्या ठिकाणी चाखून पाहावे.

कार्बन डायऑक्साइड हा वायू असाच अदृश्य आहे. तो उष्णता अडवून धरतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. म्हणजे ही गोष्ट आजच्या राजकारणातून जन्मलेली नाही. हवेतील त्याचे प्रमाण हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून सतत मोजले जात आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; आता ४२० च्या वर गेला आहे. अंटार्क्टिकाच्या खोल बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ते तपासल्यावर गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब मिळाला. त्या संपूर्ण काळात हे प्रमाण ३०० च्या आसपासच थांबत असे. आपण पांघरलेली गोधडी अशी दिवसेंदिवस जाड होत चालली आहे.

"पण हवामान पूर्वीही बदलत होतेच ना?" होय, बदलत होते. हिमयुगे आली आणि गेली. मात्र त्या बदलांना हजारो वर्षे लागली. आताची सुमारे १.१ अंशाची वाढ १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकापर्यंत झालेली आहे. "मग सूर्यच जास्त तापत असेल!" ही शंकाही रास्त आहे आणि तीही तपासली गेली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तिच्यात वाढीचा कल आढळत नाही. शिवाय सूर्यामुळे तापले असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापत आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होत आहे. गोधडी जाड झाली की असेच होते. आतली ऊब आतच राहते.

आता एक अवघड प्रसंग पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या संस्थेच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे एक विधान होते. ते चुकीचे होते. आपल्याच देशातील हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ च्या अभ्यासपत्रात हिमनद्यांविषयीच्या अशा भीतीवर प्रश्न उपस्थित केले. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने त्या विधानाला पुरेसा आधार नसल्याचे मान्य केले. तेव्हा अनेकांनी म्हटले, "पाहा, सगळेच खोटे!"

साधकांनो, इथे थोडे थांबू या. आपण साधनेत रोज आत्मपरीक्षण करतो. चूक कबूल करणाऱ्याला आपण लबाड म्हणतो का? त्याच्यावरचा आपला विश्वास उलट वाढतो. एक तारीख चुकली म्हणून हिमनदी वितळायची थांबत नाही. गंगोत्री हिमनदीचे मोजमाप १९३५ पासून होत आले आहे आणि तिचे मुख, आपले गोमुख, मागे सरकत गेले आहे. हिंदुकुश-हिमालय भागाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की २०११ ते २०२० या काळात तिथल्या हिमनद्या त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. ज्या गंगेचे पाणी आपण तांब्यात भरून देवघरात ठेवतो, तिच्या उगमाची ही गोष्ट आहे.

तरीही मन का मानत नाही? पुरावा कमी आहे म्हणून क्वचितच. मानले तर काही सोडावे लागेल, हीच खरी अडचण असते. अर्जुनानेही शंका घेतल्या, एकामागून एक घेतल्या. पण प्रत्येक वेळी तो उत्तर ऐकायला थांबला, आणि संशय फिटल्यावर उठून उभा राहिला. जी शंका उत्तर ऐकायला थांबते ती जिज्ञासा. उत्तर येण्याआधीच जी पाठ फिरवते, ती मोहाची सोबतीण. "सर्व ईश्वराच्या हाती" हे वाक्यही नीट तपासू या. ते कर्तव्य केल्यानंतर म्हटले तर शरणागती आहे. कर्तव्य टाळण्यासाठी म्हटले तर आळस.

कोणी म्हणेल, "भारतीय माणूस सरासरीने जगापेक्षा कमी धूर सोडतो, मग आपणच का?" हे खरे आहे, आणि ज्यांनी अधिक सोडला त्यांची जबाबदारी अधिक आहे, हेही खरे. पण उन्हाचा पहिला चटका आपल्याच बांधावरच्या शेतकऱ्याला, डोक्यावर विटा वाहणाऱ्या मजुराला आणि पत्र्याच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आजीला बसतो. त्यांच्यासाठी तरी आपण उठायला नको का?

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पहिली, फोनवर आलेला कोणताही संदेश, भीती घालणारा असो वा खिल्ली उडवणारा, तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. दुसरी, घरातील विजेचे बिल आणि वाहनाचा खर्च कुटुंबासह बसून पाहावा आणि गरज कुठे संपते व सवय कुठे सुरू होते ते ठरवावे. अपरिग्रहाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. तिसरी, आपल्या गल्लीतील एका वृद्ध किंवा उन्हात राबणाऱ्या व्यक्तीची विचारपूस करावी, पाणी आणि सावली मिळते का ते पाहावे.

एकट्याने केलेल्या या गोष्टींनी हवा लगेच निवळणार नाही. मोठे निर्णय शासनाला आणि उद्योगांनाही घ्यावे लागतील, आणि ते घ्यावेत असा आग्रह धरणे हेही आपले कर्तव्य आहे. पण ज्याने स्वतःच्या घरात सत्य मान्य केले आहे, त्याच्याच आग्रहाला वजन येते.

पाणी खारट झाले आहे. आपण ते चाखले आहे. आता तसे म्हणण्याचे धैर्य आणि त्याप्रमाणे वागण्याचे बळ परमेश्वर आपल्या सर्वांना देवो, हीच प्रार्थना.