संरक्षणाचं बिल

दक्षिण कोरियातला सोंगजू हा शेतकऱ्यांचा मुलूख. त्या देशात पिकणारी पिवळ्या सालीची, पांढऱ्या पट्ट्यांची छोटी खरबुजं बहुतेक इथलीच. जुलै 2016 मध्ये अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा इथे बसणार असं जाहीर झालं आणि समजूत काढायला आलेल्या पंतप्रधानांवर लोकांनी अंडी फेकली. रडारच्या लहरींनी खरबुजं नासतील, ही त्यांची धास्ती. बीजिंगची तक्रार निराळी: नाव उत्तर कोरियाचं, पण रडार डोकावणार आमच्या अंगणात.

अखेर जागा दिली लोट्टे या उद्योगसमूहाने, स्वतःच्या गोल्फ मैदानाची. यंत्रणा अमेरिकेची, राग अमेरिकेवरचा. टाळी मात्र लागली चीनमधल्या लोट्टेच्या सुपरमार्केटांना. कारण काय, तर आगप्रतिबंधक नियमांचा भंग. इतक्या दुकानांत एकाच सुमारास तीच त्रुटी सापडावी, हा योगायोगच म्हणायचा! मार्च 2017 पासून चिनी पर्यटकांच्या सहलीही थांबल्या. लेखी हुकूम कुठेच नाही, मग दाद कशाविरुद्ध मागणार? लोट्टेने 2017 मध्ये ती दुकानं विकायला काढली.

कोरियाचा अमेरिकेशी 1953 मध्ये झालेला संरक्षण करार सशस्त्र हल्ल्यापुरता आहे. दुकानाला टाळं ठोकणं त्यात बसत नाही. वर एप्रिल 2017 मध्ये ट्रम्प म्हणाले, थाडचे 1 अब्ज डॉलर कोरियानेच द्यावेत. जागा कोरियाची, खर्च अमेरिकेचा, असं आधीच ठरलेलं होतं.

मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. सॅमसंग आणि एसके हायनिक्सच्या मेमरी चिप्सना चीनने हात लावला नाही. त्यांच्यावाचून चिनी कारखान्यांचंच अडलं असतं. मार पडला तो ज्यांच्यावाचून चीनचं काही अडत नव्हतं अशांना: दुकानदार, सहलवाले, कोरियन मालिकांतले नट. जोडीदार देशाची ढाल करारात कमी आणि अशा गरजेत जास्त असते. पण ही ढाल दोन-तीन कंपन्यांच्या हाती. सोलमध्ये चिनी पर्यटकांवर पोट असलेल्यांना तिचा काय उपयोग?

ऑक्टोबर 2017 मध्ये कोरियाने आणखी थाड न आणण्याची भूमिका घेतली, तेव्हा कुठे संबंध निवळू लागले. गटसहलींवरची बंदी पुरती उठायला मात्र ऑगस्ट 2023 उजाडला. मध्ये कोविडही येऊन गेला.