मीटर पेटीत आणि स्पीकर भंगारात

इकडे ये. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेव आणि ऐक. बाकीच्यांनीही कामं थांबवा, कारण आज याने जे केलं ते उद्या तुमच्यापैकी कुणीही करेल.

पुढच्या उजव्या दाराचा स्पीकर बंद, एवढीच तक्रार होती. तू काय केलंस? दाराचं पॅड उतरवलंस, जुना स्पीकर काढून टाकलास, नवा बसवलास. तोही मुका. मग गाडीमालकाला सांगून मोकळा झालास की स्टिरिओच गेलाय, नवा घ्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! स्टिरिओ ठणठणीत होता, जुना स्पीकरही ठणठणीत होता. तुटली होती ती दार आणि खांबाच्या मधल्या रबरी बूटमधली एक तार. दार रोज उघडतं-मिटतं, तार तिथेच वाकते, काही वर्षांनी आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण मालकाने तुला आल्याआल्या सांगितलं होतं, ‘दार उघडलं की मधूनच वाजतो.’ दोष कुठे आहे ते त्या माणसाने जवळजवळ बोट ठेवून दाखवलं. तू मान डोलावलीस आणि क्लिपा उपसायला लागलास. गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं हा तपासणीचा भाग आहे, शिष्टाचाराचा नव्हे.

बॅलन्स आणि फेडर मधोमध आहेत का, हे तरी बघितलंस? नाही. दहा सेकंदांचं काम. त्यानंतर स्टिरिओ बाहेर ओढायचा आणि मागच्या तारांची अदलाबदल करायची. बाजारातून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंना पुढची उजवी जोडी करडी, पुढची डावी पांढरी, मागची डावी हिरवी, मागची उजवी जांभळी असते, आणि काळ्या रेघेची तार ऋण. कंपनीच्या हार्नेसचे रंग निराळे असतात, तिथे वायरिंगचा नकाशा उघडायचा. स्टिरिओ बंद करून करडी जोडी पांढरीच्या जागी लावून बघायची. शांतता डावीकडे सरकली तर दोष स्टिरिओत. उजवीकडेच राहिली तर तारेत किंवा स्पीकरमध्ये. गाडीचं निम्मं वायरिंग एवढ्यावर संशयातून सुटतं, आणि खर्च शून्य.

राहिला मीटर. तो तुझ्या पेटीतून बाहेरच आला नाही, याचा मला संताप आहे. स्पीकरची तार सोडव, मीटर ओहमवर ठेव. गाडीचा स्पीकर बहुधा 4 ओहमचा असतो. मीटरवर तीन ते चारच्या दरम्यान आकडा दिसतो, कारण मीटर कॉइलचा फक्त डीसी रोध मोजतो. काहीच दाखवलं नाही तर व्हॉइस कॉइल तुटलेली. शून्याच्या आसपास असेल तर कॉइल शॉर्ट, आणि तो स्पीकर चुकूनही स्टिरिओला जोडायचा नाही. ट्वीटरच्या बाबतीत मात्र जपून: त्याच्याआधी कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो, म्हणून चांगला ट्वीटरही मीटरला मेलेला वाटतो. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल सुट्या स्पीकरला क्षणभर टेकव. ‘टक’ वाजलं आणि कोन हलला की कॉइल जिवंत.

आता सगळ्यांत गंभीर. स्पीकरची ऋण तार तू बॉडीला टेकवून बघितलीस. कुणी शिकवलं तुला हे? आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्म्याइतका, म्हणजे साधारण सहा व्होल्टचा दाब असतो. त्यातली कुठलीही तार अर्थ नव्हे. ती बॉडीला लागली की आतल्या ॲम्प्लिफायरचं आउटपुट शॉर्ट होतं. आतल्या संरक्षक सर्किटने बंद पडून स्टिरिओ वाचवला, तू नाही. नाहीतर चांगला चाललेला स्टिरिओ तुझ्याच हातून जळाला असता आणि ‘स्टिरिओ गेलाय’ हे तुझं निदान खरं ठरलं असतं. त्या माणसाला ते कधी कळलंही नसतं. या धंद्यात यापेक्षा वाईट गोष्ट मला माहीत नाही.

पॅडमागचं प्लॅस्टिकही तू फाडून तसंच ठेवलंस. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. प्लॅस्टिक फाटलं की तेच पाणी पॅडवर आणि पायाखालच्या मॅटवर येतं. ते नीट चिकटव. आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन आहे; तिला मीटरही लावायचा नाही. हे सर्वांसाठी.

आता जुना स्पीकर परत बसव. तुटलेल्या तारेला बूटच्या आत जोड देऊ नकोस. सोल्डरने तार ताठ होते आणि जोडाच्या कडेला पुन्हा तुटते. नवा तुकडा बूटमधून आरपार ओढ आणि दोन्ही बाजूंना, जिथे तार वाकत नाही तिथे, सोल्डर करून स्लीव्ह चढव. नव्या स्पीकरचे पैसे बिलातून काढ. पण त्याआधी मालकाला फोन लाव आणि स्वतःच्या तोंडाने सांग की स्टिरिओ घेऊ नका, माझं निदान चुकलं. तो दुकानात पोहोचायच्या आत.