समितीत अडलेले विधेयक आणि न केलेल्या कृतीचा दोष

विधेयक प्रवर समितीकडे सोपवले, तरी त्याचे दायित्व सभागृहाकडेच राहते. सभागृहाने मुदत ठरवली नसेल, तर लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीने तीन महिन्यांत अहवाल द्यायचा असतो. मुदतवाढ द्यायची की नाही, हे सभागृह ठरवते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 435 पैकी 218 सदस्यांनी सह्या केल्या की समितीकडचे विधेयक काढून घेण्याचा मार्ग खुला होतो. सह्या करणाऱ्यांची नावे जाहीर होतात, त्यामुळे हात आखडणारेही लपत नाहीत.

महाराष्ट्रात डिसेंबर 2005 मध्ये विधानसभेने मंजूर केलेले जादूटोणाविरोधी विधेयक विधान परिषदेत गेले आणि संयुक्त समितीत अडकले. 2009 मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि संविधानाच्या अनुच्छेद 196 प्रमाणे ते व्यपगत झाले. वाट होती. परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिन्यांत विधेयक मंजूर झाले नाही, तर अनुच्छेद 197 प्रमाणे विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते; मग परिषदेच्या हाती एकच महिना उरतो. ती वाट कोणी धरली नाही.

विरोधात मतदान झालेच नाही, मग दोष कोणाचा? याचे उत्तर एका जुन्या कथेत सापडते. वर्धा जिल्ह्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी तिथली श्रद्धा आहे. त्या नगरीत बकासुर राक्षसाकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवण्याची पाळी घराघरांवर येई. एका घराची पाळी बऱ्याच वर्षांनी येत असल्याने मधल्या काळात गप्प राहणे प्रत्येकाला सोयीचे होते. कुंतीने भीमाला पाठवायचे ठरवले, युधिष्ठिर रागावला, तरी तिने कारणे देऊन निर्णयाचा भार स्वतःवर घेतला. कर्म न करता कोणीही क्षणभरही राहू शकत नाही, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. त्या न्यायाने विधेयक पडू देणे हीसुद्धा कृतीच ठरते, आणि तिचा दोष अंगावर येतो.

मात्र प्रत्येक विलंब दोषाचा नसतो. या कायद्याने वारी-कीर्तनावर गदा येईल, ही अनेक वारकऱ्यांची भीती ऐकून घेणे आवश्यकच होते. ऐकणाऱ्याला शेवटी उत्तर द्यावे लागते. टाळणारा फक्त तारीख पुढे ढकलतो. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन आणि भजन यांना तो लागू नाही, हे त्याच्या कलम 12 मध्ये स्पष्ट लिहिले आहे.