खलनायकाची जबानी

कंपन्यांच्या सेकंड शिफ्टच्या बसगाड्या पुण्याजवळच्या निघोज्यात पोरांना सोडून गेल्या की आमच्या शेजारच्या खोलीत भाताचा कुकर लागतो. चार पोरं, चौघंही कंत्राटी कामगार. जेवताना मोबाइल डब्याला टेकवून सिनेमा बघतात. परवा अनुराग कश्यपचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) होता. सिनेमा संपला आणि वाद पेटला. एक म्हणाला, “लहानपणी कायतरी भोगलं असणार त्यानं.” दुसरा म्हणाला, “परिस्थितीच माणसाला असं करती.” तिसऱ्याच्या मते डोकंच फिरलेलं, कारण शोधायचं कशाला? चौथा भांडी घासत होता. तो काही बोलला नाही.

त्यातला खुनी, नवाजुद्दीन सिद्दिकीचा रमण्णा, स्वतःबद्दल भरपूर बोलतो. वर्दीच्या किंवा धर्माच्या आडून मारणाऱ्यांपेक्षा आपण सरळ आहोत, असा त्याचा दावा. दावा इतका चटकदार, की प्रेक्षक त्यालाच सिनेमाचं सार समजून उठतो. पण हे बोलतंय कोण? आरोपीच ना?

पुण्याला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण आजही लोकांच्या लक्षात आहे. मारेकरी टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल आणि इतर तिघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढे राजदत्त यांनी याच प्रकरणावर बेतलेला चित्रपट काढला, त्यात नाना पाटेकर होते आणि त्याचं नावच होतं ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६).

हे नाव मला सिनेमा बघण्याची किल्ली वाटते. माफीचा साक्षीदार आतलं सगळं जाणतो, आणि नेमका म्हणूनच त्याच्यावर सहज विसंबता येत नाही. नुसत्या त्याच्या जबानीवर शिक्षा द्यायला तेव्हाच्या कायद्याची मनाई नव्हती. तरी न्यायालयं स्वतंत्र दुजोरा मागत. पडद्यावरचा खलनायक म्हणजे स्वतःच्याच खटल्यातला माफीचा साक्षीदार. तो आपलं दुःख सांगतो, आपलं तत्त्वज्ञान सांगतो आणि आपण दुजोरा न मागता त्याला माफी देऊन मोकळे होतो.

दुजोरा मिळतो तो कृतीत. जोशी-अभ्यंकर प्रकरणातला पहिला बळी मारेकऱ्यांचा वर्गमित्र होता. त्याच्या वडिलांकडे खंडणीची चिठ्ठी पोचली ती त्याचा जीव घेतल्यानंतर. पैसाच हवा होता, तर मुलगा आधी का मेला? या एका क्रमापुढे ‘पैशासाठी केलं’ हे उत्तर अपुरं पडतं. ओळखीचा माणूस जिवंत राहिला तर आपलं नाव सांगेल, ही भीती त्यात असेल. पण तीही गरज नव्हे, हिशेब आहे. हेतू वेगळा आणि इरादा वेगळा, हे वकील जाणतात. पुरावा स्पष्ट असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

मग कारण शोधूच नये? तसं नाही. सिनेमाला ज्याचं नाव आहे त्या मुंबईतल्या खऱ्या खुन्याला, रमन राघवला, १९६८ मध्ये पकडलं, फाशी सुनावली; पण मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासल्यावर १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये तो ससून रुग्णालयात वारला. तिथे आतलं कारण मान्य झालं, कारण ते नुसत्या त्याच्या बोलण्यावर टेकलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी तपासून काढलेलं होतं.

दुसऱ्या पोराच्या ‘परिस्थिती’पाशी मात्र मी अडतो. या खोल्यांमधून परिस्थितीचा तुटवडा नाही. सहा-सात महिन्यांनी कामातून ब्रेक, गावाकडे कर्ज, एका खोलीत चार माणसं. गेल्या महिन्यात भांडी घासणाऱ्या त्या चौथ्यालाच ब्रेक मिळाला. तेव्हापासून त्याच्या वाट्याचं भाडं बाकीचे तिघे भरतात, आणि भांडी तो घासतो.

परिस्थितीची खरी साक्ष ती आहे. खलनायकाला माफी देण्याआधी ती नोंदवून घ्यावी.