फाइलचं नाव कोणाच्या मालकीचं?

बाबांची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे आणि कागदपत्रं क्लाउडवर. ड्राइव्ह मीच उघडून दिला होता. औषधांच्या पावत्या, सातबारा, रोग पडलेल्या पानांचे फोटो, आईचे रिपोर्ट, सगळं एकाच जागी. फोल्डर एकही नाही. मध्यंतरी फोनवर म्हणाले, "लई पसारा झालाय, बघ जरा."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. पसारा हाताने आवरायचा म्हणजे मला कमीपणा वाटतो. एक एआय एजंट ड्राइव्हला जोडला. वाचणं, हलवणं, नाव बदलणं, तिन्ही परवानग्या दिल्या. सूचना दिली: प्रत्येक फाइल उघडून बघ, तारीख आणि विषय ओळखून नीट नाव दे, वर्षाप्रमाणे फोल्डरमध्ये टाक. त्याने ३१२ फाइलींची यादी समोर ठेवली, डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी. विचारलं, पुढे जाऊ का? मी वरच्या दहाएक ओळी पाहिल्या आणि 'हो' म्हटलं. चहा होईपर्यंत काम झालं होतं.

दोन दिवसांनी बाबांचा फोन. "अरे, माझी 'डावणी पहिल्यांदा' कुठं गेली?"

ती आता 'द्राक्ष_पान_रोग_०४' झाली होती. नाव चुकीचं नव्हतं. पण ऑक्टोबर छाटणीनंतर त्या वर्षी डावणी कधी दिसली, हे बाबा त्या नावावरून शोधायचे. माझी पहिली प्रतिक्रिया इंजिनियरची होती: फाइल हरवली नाही, फक्त नाव बदललंय.

या 'फक्त'वर मी बरेच दिवस अडकलो. अशा ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलला एक आयडी असतो, अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. नाव ही त्यावर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी बदला, आयडी तोच राहतो, पाठवलेली लिंकही चालू राहते. पण सगळीकडे असं नसतं. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण २००६ पासून आहे. तिच्या नेहमीच्या बकेटमध्ये नाव हीच वस्तूची ओळख असते. तिथे नाव बदलायचं म्हणजे नव्या नावाने प्रत काढायची आणि जुनी पुसायची. फोल्डरसुद्धा खरे नसतात, नावातल्या तिरक्या रेघांमुळे तसे भासतात.

म्हणजे 'नाव बदलल्यावर वस्तू तीच राहते का?' हा प्रश्न फक्त तत्त्वज्ञानाच्या वर्गातला नाही. माझ्या धंद्यातच त्याची दोन उत्तरं आहेत. मी बाबांच्या फाइलींना पहिलं उत्तर लावलं. त्यांच्यासाठी दुसरं खरं होतं.

एजंटला दोष देता येईल का? मला नाही वाटत. त्याने सांगितलं तेवढं केलं, शिवाय विचारलंही. होकार माझा होता. पण तो होकार द्यायचा अधिकार माझा होता का? बाबांनी मला एडिट ॲक्सेस दिला होता. "बघ जरा" म्हणाले होते. घराची किल्ली दिली म्हणजे देव्हाऱ्यातले देव हलवायला सांगितलं असं होत नाही. ॲक्सेस कुणाला आहे ते सिस्टिम तपासते. हक्क कुणाचा, हे तिला तपासता येत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं, आणि मी विचारलं नव्हतं.

कुणी म्हणेल, घर आवरताना दुसऱ्याच्या वस्तू इकडच्या तिकडे पूर्वीही व्हायच्याच. खरंय. पण हाताने आवरताना प्रत्येक कागद एकदा तरी नजरेखालून जायचा. त्या कंटाळवाण्या कामात वाचनही होऊन जायचं. आता आवरणं होतं, वाचणं होत नाही. शेवटी जे 'हो' उरतं, त्याच्यामागे कुणी काही पाहिलेलं नसतं.

सुदैवाने यादी चॅटमध्ये शिल्लक होती. जुनी नावं परत लावणं एजंटला पाच मिनिटांचं काम होतं. त्याआधी मी सगळ्या ३१२ ओळी वाचल्या. 'व्यापाऱ्यानं फसवलं ती पावती.' 'आईचा चांगला आलेला रिपोर्ट.' आणि एक: 'मोटरचं बिल आक्काचे पैसे द्यायचे'.

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. एजंटने त्याचं '२०२१_मोटर_बिल' केलं होतं. त्याने बिल अगदी बरोबर वाचलं होतं. पण बिलावर आत्याचं नाव नव्हतं. व्यवहार भावाबहिणीतला, कागद कुठेच नाही. ते उसने पैसे लिहून ठेवलेले असे फक्त त्या फाइलच्या नावात होते, आणि मी न वाचता दिलेल्या होकाराने ते पुसले गेले होते. बाबा विसरले असते, तर आत्या स्वतःहून कधी बोलली नसती.

नावं परत लावली. मग फोन केला. "बाबा, आत्याचे मोटरचे पैसे दिले का तुम्ही?"

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिले असते तर नाव मीच बदललं असतं ना."

आता एजंटला मी त्या ड्राइव्हवर फक्त वाचायची परवानगी ठेवली आहे. पैसे मी देतो म्हटलं, तर बाबा नको म्हणाले. या हंगामाचा माल गेला की स्वतः जाऊन देणार आहेत. तोवर ती फाइल त्याच नावाने तिथे आहे.