सुटी मुलांची, संस्कार कोणाचे?

एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की आपल्या केंद्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर शिबिरांची पत्रके फिरू लागतात. बालसंस्कार शिबिर, वयोगट ६ ते १२. किशोर शिबिर, वयोगट १३ ते १७. सूर्यनमस्कार, प्रार्थना, गीतेचा बारावा किंवा पंधरावा अध्याय, बोधकथा, हस्तकला, मैदानी खेळ, अल्पोपाहार. येताना पाण्याची बाटली आणि बसायला आसन आणावे. आपणही असे पत्रक वाचले असेल, कुणाला पुढे पाठवले असेल. आपल्यापैकी काही जण या शिबिरांत शिकवतात, काही जण स्वयंपाकघर सांभाळतात, आणि बरेच जण मुलांना सोडायला आणि न्यायला येतात.

या पत्रकांत एक वाक्प्रयोग हटकून असतो. मुलांवर संस्कार ‘करणे’, मुलांना संस्कार ‘देणे’. हा प्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यापाशी आपण कधी थांबत नाही. आज जरा थांबू या. संस्कार ही कुणी कुणाला देण्याची वस्तू आहे का?

आपल्या परंपरेत या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे सोळा संस्कार हा एक. तिथे करणारा वेगळा आणि ज्याच्यावर करायचे तो वेगळा. बाळाचे नाव आई-वडील ठेवतात, जावळ न्हावी काढतो. बाळाने फक्त रडायचे. दुसरा अर्थ योगशास्त्रातला. मनुष्य जे करतो, अनुभवतो, त्याचा जो ठसा चित्तावर मागे उरतो तो संस्कार. इथे ठसा उमटवणारी कृती ज्याची त्याचीच असते. माझ्या प्राणायामाने तुमचे चित्त स्थिर होत नाही. शिबिरात आपण बहुधा पहिल्या अर्थाने वागतो आणि दुसऱ्या अर्थाच्या फळाची अपेक्षा करतो. मुलांना ओळीत बसवून प्रामाणिकपणावर अर्धा तास बोलतो आणि मुले प्रामाणिक होतील असे मानतो. त्या अर्ध्या तासात मुलाने स्वतः केलेली कृती एकच असते: बसून राहणे. ठसा उमटलाच तर त्याचाच उमटणार.

पतंजली मुनींनी अभ्यास दृढ होण्यासाठी घातलेल्या अटी साधकांना ठाऊक आहेत: तो बराच काळ चालावा, मध्ये खंड पडू नये, आणि मनात त्याबद्दल आदर असावा. पाच किंवा सात दिवसांचे शिबिर पहिल्या दोन अटींत बसतच नाही. मग ते घ्यावेच कशाला, असे कुणी विचारले तर माझे उत्तर आहे की तिसऱ्या अटीसाठी. सवय लागायला वर्षे लागतात, पण एखाद्या गोष्टीविषयी आदर किंवा अनादर एका सकाळीतही निर्माण होतो. मोठ्या ताईने न ओरडता पन्नास मुलांना शांत बसवले, हे मूल पाहते. शिकवणारे काका जेवणानंतर आपले ताट स्वतः घासतात की तसेच ठेवून निघून जातात, हेही पाहते.

साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा शाळेचे छात्रालय त्यांच्याकडे होते. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, मळलेले कपडे धुऊन ठेवीत, आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. स्वच्छतेवर त्यांनी किती व्याख्याने दिली हे कुणाच्या लक्षात नाही. ही गोष्ट १९३० च्या आधीची. पण कोणत्याही केंद्राला ती आजही परवडेल, कारण हिला वर्गणी लागत नाही.

आता बक्षिसांविषयी. जवळपास प्रत्येक शिबिरात ‘आदर्श शिबिरार्थी’ निवडला जातो. पाठांतराला सोनेरी चांदणी, वेळेवर येण्याला चांदणी, दुसऱ्याला मदत करण्याला चांदणी. हेतू चांगलाच असतो. पण सकाळी दहा वाजता आपण दुसऱ्या अध्यायाच्या आधाराने सांगतो की कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये, आणि सव्वादहाला चांदण्या मोजतो. मुलांना यातली विसंगती दिसते. ती बोलत नाहीत इतकेच.

१९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली चित्रे काढायची आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रंग समोर ठेवले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. आवड तीच होती, हात तेच होते; मधल्या काळात चित्र हे बक्षिसाचे साधन होऊन बसले होते. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र काही बिघडले नाही. म्हणजे मुलांचे कौतुक करूच नये असा याचा अर्थ नाही. लहान मुलांना शाबासकी हवीच, पाठीवर हात हवाच. पण ‘मदत केलीस तर चांदणी’ हा सौदा आहे, आणि सेवेचा पहिला परिचय सौद्यातून झाला तर पुढे सेवा म्हणून जे होईल त्यातही हिशेब राहील.

शिबिरांत नचिकेताची गोष्ट आवडीने सांगितली जाते. ती आपण नीट ऐकतो का? वडील मोठा यज्ञ करतात आणि दानात देतात त्या दूध आटलेल्या, पुन्हा कधी न विणाऱ्या गायी. पोरगा हे पाहतो. तो गप्प बसत नाही. मला कोणाला देणार, असे विचारतो. एकदा नव्हे, तीनदा. वडील संतापून ‘तुला मृत्यूला दिले’ म्हणतात. म्हणजे आपल्या एका थोर उपनिषदाची सुरुवात धार्मिक कार्यक्रमातला खोटेपणा एका मुलाने ओळखला, इथून होते. आपल्या किशोर शिबिरात तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा उठून म्हणाला, “काका, तुम्ही प्लास्टिक वापरू नका म्हणालात आणि नाश्ता थर्माकोलच्या ताटलीत दिलात,” तर आपले उत्तर काय असते? उद्धट आहे, की नचिकेत आहे?

आणि पुढचा भाग. यम त्याला प्रश्नापासून परावृत्त करण्यासाठी हत्ती, घोडे, सोने, राज्य, हवे तितके आयुष्य देऊ करतो. बक्षिसांची एवढी मोठी यादी क्वचितच कुठे असेल. मुलगा ती नाकारतो आणि प्रश्न धरून बसतो, आणि यम प्रसन्न होतो ते याच कारणाने. हीच गोष्ट सांगून झाल्यावर ‘गोष्ट कुणी लक्ष देऊन ऐकली’ म्हणून चॉकलेट वाटले जाते, तेव्हा उपनिषद कुठल्या कुठे राहते.

यातूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि नोंदणीच्या काळात तो अनेक घरांत उभा असतो. धाकटी उड्या मारत येते, पण नववीतला थोरला नाही म्हणतो. त्याला जबरदस्तीने आणावे का? एक बाजू म्हणते, लहानपणी शाळेलाही तो नकोच म्हणत होता, म्हणून आपण घरी ठेवले का? दुसरी बाजू म्हणते, मनाविरुद्ध केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला वाटते, उत्तर एका भेदात आहे: कृती मागता येते, भाव मागता येत नाही. पाहुणे आले तर पाणी आणून दे, आजीला औषध दे, आपले अंथरूण आपण घडी कर, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगण्याचा आई-वडिलांना पूर्ण अधिकार आहे. त्याचे मन असो वा नसो. ते इतरांप्रती असलेले कर्तव्य आहे. पण डोळे मिटून भक्तिभाव आण, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण ते सांगून होणारे कामच नाही. सांगितले तर मुलगा डोळे मिटेल आणि चेहरा तसा करेल. अशा वेळी आपण त्याला नेमके काय शिकवले? गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी लक्षणांची गणना दंभापासून सुरू होते, आणि तेराव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वर महाराज अदंभित्वाचे वर्णन सविस्तर करतात. मोकळेपणाने ‘नको’ म्हणणारा मुलगा त्या दृष्टीने एक पायरी वरच आहे.

सोळाव्या वर्षापासून मुलाशी मित्रासारखे वागावे, हे सुभाषित पालक-मेळाव्यात हमखास ऐकू येते. (त्याच सुभाषितात त्याआधीच्या दहा वर्षांसाठी छडी सांगितली आहे; तो भाग आपण सोयीने गाळतो, आणि गाळावाच.) पण मित्राला आपण उपदेश ऐकायला बोलावतो का? मित्राला कामाला बोलावतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले, त्यातून पुढे स्काउटची चळवळ उभी राहिली. श्रीमंतांची आणि कष्टकऱ्यांची मुले त्यांनी एकत्र केली, चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळी एका मोठ्या मुलाच्या हाती सोपवली. किशोरांना श्रोता करण्याऐवजी जबाबदार केले, की बरीच भांडणे मिटतात. ध्वनिक्षेपकाच्या वायरी, पाण्याचे पिंप, छोट्यांच्या खेळाचे पंच, प्रथमोपचाराची पेटी ही कामे त्यांची असावीत. त्यातला एखादा प्रार्थनेच्या वेळी बाहेर वायर गुंडाळत बसला तर बसू द्यावा. आणि ज्याला हेही नको असेल त्याला घरी झोपू द्यावे. सुटी त्याची आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू इथल्या मराठी घरांतल्या मुलांना आजीचे मराठी कळते, पण उत्तर हिंदीत नाहीतर कन्नडमध्ये येते. तिथे शिबिरात ‘फक्त मराठीत बोला’ हा नियम लावण्यापेक्षा आजी-आजोबांनाच रोज एक गोष्ट सांगायला बसवावे. गोष्टीत पुढे काय झाले हे विचारण्यासाठी मूल आपणहून त्या भाषेत येते.

आता ज्या मुलांविषयी पत्रकात काहीच लिहिलेले नसते, त्यांच्याकडे वळू. शिबिर एखाद्या सोसायटीच्या सभागृहात भरते. पाचशे-सातशे रुपये शुल्क असते, साहित्यासह. खिडकीच्या गजांना धरून दोन मुले उभी असतात. वॉचमनची, किंवा त्याच सोसायटीत धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची. आत ‘सर्वांमध्ये एकच ईश्वर’ या विषयावर चित्र रंगवणे चालू असते. कुणी मुद्दाम त्यांना हाकलत नाही. कुणी बोलावतही नाही. नोंदणी नाही ना! आतल्या मुलांच्या चित्तावर त्या सकाळी जो ठसा उमटतो तो फळ्यावरच्या वाक्याचा की खिडकीतल्या दृश्याचा, याचे उत्तर तुम्हीच द्या.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे १९४५ साली बोर्डीत केंद्र सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही; बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, तीच कुरणशाळा. गुरे चरत आणि मुले शिकत. आपल्याला इतके लांब जायचे नाही. सभागृहाच्या दारापर्यंत जाऊन दोन नावे विचारायची आहेत. फुकट प्रवेश म्हणून त्यांची वेगळी यादी करू नये, आणि समारोपात त्यांना उभे करून टाळ्याही वाजवू नयेत. शुल्काच्या जागी ‘यथाशक्ती’ लिहिले आणि पाकीट बंद पेटीत टाकायचे ठरवले, तर कुणी किती दिले हे कुणालाच कळणार नाही.

राहता राहिला समारोप. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची वाट पाहत मुले नटून तासभर बसलेली असतात. नागपूर-चंद्रपूरकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि मंडपात पंखे दोनच. तिकडे शिबिर साडेनऊच्या आत संपवावे, समारोपही सकाळीच ठेवावा. पाहुणे नसले तरी चालते. पालकांना खाली पंगतीत बसवावे आणि मुलांनी वाढावे: धाकट्यांनी मीठ आणि लिंबू, मोठ्यांनी वरण-भात. वरण सांडेल. फडके कुठे ठेवले आहे ते मुलांना आधी दाखवून ठेवावे.