ज्याला दिसत नाही त्याची गवाही

एकच चित्र दहा माणसांसमोर ठेवले. सहांना त्यात आकृती दिसली, चौघांना दिसली नाही. आता त्या सहांनी चौघांशी कसे वागावे? प्रश्न साधा वाटतो. पण सत्य, बहुमत आणि माणसाची इज्जत ही तिन्ही त्यात गुंतलेली आहेत.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील मॉलमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. ‘मॅजिक आय’ नावाच्या चित्रांचे पुस्तक १९९३ मध्ये आले आणि तशा चित्रांची मोठी पोस्टर्स दुकानांपुढे झळकू लागली. वरवर पाहता नुसती रंगीत नक्षी. पण नजर सैल करून कागदाच्या पलीकडे सोडली, की तिच्यातून एखादा प्राणी वा जहाज उठून येई. भोवती गर्दी जमे. एकजण आनंदाने ओरडला, की न दिसणारा शेजारी खजील होई. १९९५ च्या ‘मॉलरॅट्स’ या चित्रपटात एक माणूस असाच पोस्टरपुढे खोळंबून राहतो. इतरांना दिसणारे शिडाचे जहाज त्याला काही केल्या दिसत नाही. प्रेक्षक त्याला हसतात. आम्हाला या हसण्याचाच विचार करावासा वाटतो.

आधी त्यामागचे शास्त्र पाहू. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोघांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’मध्ये एका फळीच्या साहाय्याने, दोन डोळ्यांची दृश्ये केव्हा एक होतात आणि केव्हा दोन दिसतात, याचा अभ्यास मांडला. मात्र या फरकातूनच खोली जाणवते, हे १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांनी दाखवले. पुढे १९६० च्या सुमारास बेला युलेझ यांनी निव्वळ ठिपक्यांच्या जोडचित्रांतून आकृती उभी केली. एक डोळा मिटला की तिचा मागमूसही उरत नाही. १९७९ मध्ये ख्रिस्तोफर टायलर यांनी तीच किमया एका चित्रात आणली. त्यात एकच नक्षी शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा येते आणि तिच्या आवर्तनांतील अंतर जागोजागी थोडे कमीजास्त केलेले असते. दोन डोळे शेजारच्या दोन आवर्तनांवर स्थिरावले, की मेंदू त्या फरकाची खोली करतो.

म्हणजे ही राजाच्या अदृश्य वस्त्रांची गोष्ट नव्हे. तिथे काहीच नव्हते आणि सारे ‘आहे’ म्हणत होते. इथे काहीतरी खरोखर आहे. सहाही जणांना वेगवेगळे बसवून चिठ्ठीवर लिहायला सांगा, सगळे एकच नाव लिहितील. त्यांची गवाही खरी आहे. पण चौघांची खोटी आहे काय? ज्याचा डोळा तिरळा आहे, किंवा ज्याची एका डोळ्याची नजर लहानपणापासून अधू आहे, त्याला कितीही सब्र करूनही ही आकृती कदाचित दिसणार नाही. त्याच्या ‘नाही’ला मंदपणा ठरवणे, हा इन्साफ नव्हे.

मग चित्रच भिंतीएवढे केले तर? इथे एक बोधप्रद अडचण येते. नजर सैल सोडून पाहायचे, तर दोन आवर्तनांतील अंतर डोळ्यांमधील अंतरापेक्षा कमीच असावे लागते. पोस्टर नुसते फुगवून ते अंतर वीतभर केले, तर डोळे बाहेरच्या दिशेने फाकवावे लागतील. ते सहसा कुणालाच जमत नाही. डोळे नाकाकडे वळवून जमवलेच, तर उंच भाग खोल आणि खोल भाग उंच दिसतो. भिंत कितीही मोठी असो, माप माणसाच्या डोळ्याचेच घ्यावे लागते. आवाज वाढवला म्हणून समजूत वाढत नाही, हे वक्त्यांनी आणि शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे.

१८८० च्या दशकात बर्लिनमध्ये ऑगस्ट फुर्मान यांचा ‘कैसरपॅनोरामा’ होता. लाकडी गोल पेटाऱ्याभोवती पंचवीस माणसे बसत. प्रत्येकासमोर स्वतःची दोन भिंगे आणि आत एकामागून एक सरकणारी दूरदेशांची चित्रे. जागा सार्वजनिक, पाहणे मात्र ज्याचे त्याचे. पोस्टरने ती भिंगे काढून घेतली आणि पाहण्याचे कसब केले. गर्दीने त्या कसबाची परीक्षा केली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. “समझ में आया?” असे विचारले की चाळीस आवाज एकदम येतात, “जी सर!” त्यांतले काही आवाज केवळ शेजाऱ्याच्या आवाजात मिसळलेले असतात. मागच्या बाकावरून एखादे पोर उठून “नहीं आया” म्हणते, तेव्हा वर्ग हसतो. खरे तर त्या क्षणी वर्गातले सर्वांत ईमानदार वाक्य तेच बोललेले असते. उद्या हेच पोर सभेत, मोहल्ल्यात, पंचांसमोर उभे राहील. न दिसलेल्या गोष्टीला ‘दिसली’ म्हणायची सवय आपण त्याला लावायची काय?

म्हणून ज्याला दिसले त्याने ‘दिसलं का?’ असे विचारू नये, ‘काय दिसतं?’ असे विचारावे. पहिला प्रश्न होकार मागतो, दुसरा गवाही मागतो. मग शेजारी उभे राहून शेपूट कुठे, शीड कुठे, हे जरूर सांगावे. तरीही समोरचा “नाही” म्हणाला, तर त्यावर तितकाच विश्वास ठेवावा, जितका आपल्या “होय”वर त्याने ठेवावा असे आपल्याला वाटते.